डिस्क बसवल्या, तरी पेडल खोल जातं: जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हमध्ये दोष शोधायचा क्रम

जुन्या जीपचे किंवा लँड रोव्हरचे पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवले की पहिल्या काही दिवसांतच एक तक्रार ठरलेली असते. ब्रेक दाबला की पेडल निम्म्याच्या खाली जातं. लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर येतं आणि कडक लागतं. त्यावर उपायही ठरलेला असतो: नवा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप. तो बसतो, हवा काढली जाते, आणि पेडल जिथल्या तिथे.

हा दोष मी इतक्या गाड्यांवर काढलाय की मास्टर सिलिंडरला हात लावण्याआधी काय काय बघायचं, याचा माझा क्रम पक्का झालाय. यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टींना एक पैसाही लागत नाही. आधी मोजा, मग विकत घ्या.

डिस्कचं काम ड्रमपेक्षा मुळातच वेगळं आहे, हे आधी लक्षात घेऊया. ड्रममध्ये पुढच्या शूला (ड्रमला आतून टेकणारी वाकडी पट्टी) फिरता ड्रमच आत ओढून घेतो, म्हणजे पायाच्या जोराला चाकाची मदत मिळते. डिस्कला ही मदत नाही. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड जेवढ्या जोराने दाबाल तेवढीच पकड. म्हणून कॅलिपरचा (पॅड धरून दाबणारा भाग) पिस्टन मोठा ठेवावा लागतो, आणि मोठा पिस्टन हलवायला ब्रेक ऑइलही जास्त लागतं. चिखलातून, पाण्यातून बाहेर आल्यावर डिस्क लगेच कोरडी होते, ड्रम होत नाही, त्यासाठी हा बदल करण्यासारखा आहेच. पण पायापासून चाकापर्यंतची सगळी साखळी ड्रमच्या हिशोबाने बनलेली असते आणि आपण तिचं शेवटचं टोक तेवढं बदललेलं असतं.

लक्षणं

तुमची गाडी यातलं नेमकं काय करते ते आधी ठरवा. "ब्रेक नीट लागत नाही" एवढ्यावर दोष सापडत नाही.

- पहिल्या दाबाला पेडल खोल, दुसऱ्याला वर आणि कडक. इथे बहुधा हवा नसते, पॅड किंवा शू आपल्या जागेपासून लांब गेलेले असतात.
- पेडल रबरासारखं लागतं, दाबाल तेवढं दबतं. लाइनमध्ये हवा, नाहीतर फुगणारा होज (चाकाकडे जाणारी रबरी नळी).
- पाय दाबून ठेवला की पेडल सावकाश खाली खाली जातं. बाहेर गळती आहे, किंवा मास्टरच्या आतले रबरी कप तेल मागे सोडतायत. ही गाडी रस्त्यावर काढूच नका.
- पेडल उंच, दगडासारखं कडक, आणि गाडी थांबत नाही. पॅडपर्यंत दाबच पोचत नाही.
- थोडं अंतर गेल्यावर पुढची चाकं तापतात, गाडी अडल्यासारखी चालते, थंड झाल्यावर मोकळी होते. तेल परत यायची वाट बंद आहे.
- जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी अडकतात आणि गाडीचा मागचा भाग सरकतो.

जॅक लावण्याआधी

बऱ्याच जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. अशा गाडीचं एक मागचं चाक उचललं की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं दुसरं चाक फिरायला मोकळं होतं. हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घसरते. म्हणून सपाट जागा, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि उचललेल्या एक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका.

१. मागचे ड्रम सेट आहेत का?

पुढचं काम नवं असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष पुढे असतं आणि दोष मागे असतो. मागे ड्रम तसेच ठेवले असतील आणि शू ड्रमपासून लांब असतील, तर ते टेकेपर्यंतच पेडलची निम्मी चाल खर्च होते. बहुतेक जुन्या गाड्यांत हे अंतर आपोआप भरून निघत नाही, ॲडजस्टर हातानेच फिरवावा लागतो.

मागचं चाक उचला, फिरवत ठेवा आणि चाक अडेपर्यंत ॲडजस्टर आवळा. मग थोडा सैल करा. शू हलकासा घासल्याचा आवाज आला तरी चालेल, चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. दोन ॲडजस्टर असतील तर दोन्ही सेट करा, आणि मध्येमध्ये पेडल एकदा दाबा म्हणजे शू ड्रमच्या मध्यावर बसतात. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर एक झटपट खूण आहे. हँडब्रेक दोन-तीन खाचा ओढून पेडल दाबा. पेडल वर आलं तर दोष मागेच आहे.

२. कॅलिपरचं निपल वर आहे का?

हे नुसतं डोळ्यांनी बघायचं. हवा काढायचं निपल कॅलिपरच्या सर्वांत वरच्या जागी हवं. डावा कॅलिपर उजवीकडे गेला की तो बोल्टला बरोबर बसतो, डिस्कवर बरोबर चढतो, पण निपल खाली येतं. मग कितीही वेळा ब्लीडिंग करा, म्हणजे हवा काढा, वरच्या कोपऱ्यातला हवेचा बुडबुडा तिथेच राहतो. कन्व्हर्जन किटमध्ये कॅलिपर मूळ दुसऱ्याच गाडीचे असतात आणि ब्रॅकेट त्यांना एक्सलच्या पुढे किंवा मागे धरतं, त्यामुळे ही चूक फार सहज होते. बाजू बदलता येत नसेल तर ब्लीडिंगपुरता कॅलिपर ब्रॅकेटवरून सोडवा, पॅडांमध्ये डिस्कच्या जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा, निपल वर येईल असा धरा आणि हवा काढा. ठोकळा विसरलात तर पिस्टन बाहेर येईल.

३. हवा नीट काढली आहे का?

जुन्या जीपमध्ये मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, चासीला असतो. तिथून लाइन वर चढते आणि मग चाकाकडे जाते, आणि प्रत्येक उंचवट्यावर हवा अडकते. नवा मास्टर बसवला असेल तर तो आधी बाकावर धरून, तेल भरून, त्याच्यातली हवा काढलेली हवी. मग मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी आणि जवळचं शेवटी. मदतनिसाला पेडल सावकाश दाबायला सांगा. धपाधप पंप केलं की हवेचा फेस होतो आणि तो निघता निघत नाही.

घाई नसेल तर निपल उघडं ठेवून तेल आपसूक ठिबकू द्या, टाकीतली पातळी मात्र राखा. सुटे बुडबुडे असे बरेचदा निघून जातात.

ब्रेक ऑइल नावाला ऑइल आहे, पण डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलची द्रवं आहेत आणि ती हवेतली ओल शोषतात. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत उतरतो. म्हणून अर्धवट उघडा राहिलेला जुना डबा वापरू नका. डॉट ५ हे सिलिकोन आहे, ते या दोन्हींत मिसळायचं नाही. रबरी भागांना पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागू देऊ नका. त्यांनी रबर फुगतं.

४. चाकाच्या बेअरिंगला प्ले (ढिलाई) आहे का?

माझ्या अनुभवात "पहिला दाब खोल, दुसरा वर" याचं सर्वांत जास्त वेळा निघालेलं कारण हेच आहे, आणि सर्वांत कमी जण इथे बघतात.

डिस्क हबला घट्ट असते. हब बेअरिंगवर डगडगत असेल तर वळणावर, खड्ड्यात डिस्कही डगडगते आणि पॅडांना, म्हणजेच पिस्टनला, मागे ढकलते. पुढच्या वेळी ब्रेक दाबाल तेव्हा पहिली चाल पिस्टनला परत जागेवर आणण्यातच जाते. ड्रमला याने फारसा फरक पडत नव्हता, कारण शू आणि ड्रममध्ये तशीही फट असते. म्हणूनच मालक खात्रीने सांगतो की बेअरिंग कालपर्यंत ठीक होतं.

आकडा घालून बघा. कॅलिपरचा पिस्टन ७४ मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४३०० चौरस मिलिमीटर. तो फक्त अर्धा मिलिमीटर मागे गेला तरी एका चाकाला सव्वादोन मिलिलिटरच्या आसपास, दोन्ही मिळून सव्वाचार मिलिलिटर तेल जास्त लागलं. १ इंची मास्टरचं क्षेत्रफळ ५०७ चौरस मिलिमीटर. म्हणजे त्याच्या पिस्टनला साडेआठ मिलिमीटर जास्त सरकावं लागलं. पेडलचं गुणोत्तर (पायाची चाल आणि मास्टरच्या पिस्टनची चाल यांचं प्रमाण) सहास एक असेल, तर पायाखाली ते ५० मिलिमीटर होतात. चाकावरचा अर्धा मिलिमीटर पायाखाली पाच सेंटिमीटर! एवढ्यासाठी कुणी मास्टर बदलत असेल तर थांबवा त्याला.

तपासणी सोपी आहे. चाक उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. प्ले जाणवला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला, तर तो बेअरिंगचा होता. राहिला, तर किंगपिनचा, म्हणजे स्टिअरिंगसाठी चाक ज्या खुंटावर वळतं त्याचा आहे. डिस्क बसवताना हब सुटलेलाच असतो, म्हणून बेअरिंगची सेटिंग बिघडलेली असायची शक्यता मोठी. टेपर रोलर बेअरिंग आणि दोन नट अशी रचना असेल तर आतला नट चाक फिरवत आवळा, थोडा सैल करा, लॉकवॉशर घाला, बाहेरचा नट आवळा आणि प्ले पुन्हा तपासा. बाहेरचा नट आवळताना आतली सेटिंग बदलते, त्यामुळे ही शेवटची तपासणी सोडू नका. रोलरवर किंवा कपात खड्डे, निळसर डाग दिसले तर बेअरिंग बदला, ते आवळून बरं होत नाही.

रस्त्यावरची खूण अशी: सरळ, गुळगुळीत रस्त्यावर पेडल चांगलं राहतं, आणि दोन-चार खड्डे किंवा एक लांब वळण झालं की पहिला दाब खोल जातो.

५. पुशरॉडला मोकळीक आहे का?

चाकं तापत असतील तर इथून सुरुवात करा. पेडल सोडलेलं असताना पुशरॉड (पेडलचा जोर मास्टरला पोचवणारा दांडा) आणि मास्टरच्या पिस्टनमध्ये थोडी फट हवी, साधारण १ ते २ मिलिमीटर. ती नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे जाणारं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. तेल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नसते, म्हणून पॅड दाबले जातात, त्याने आणखी तापतं. रस्त्यात अडकलेल्या गाडीचं एक निपल जरा सैल करून बघा. जोरात तेल उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब कोंडलेला होता. चेहरा लांब ठेवा आणि हातमोजे घाला, ते तेल तापलेलं असतं.

उलट फट फार जास्त असेल तर ती सगळी पेडलच्या पहिल्या चालीत खर्च होते.

६. कोणतं चाक दोषी?

पाच तपासण्यांत काही सापडलं नाही तर होज क्लॅम्प घ्या, गुळगुळीत जबड्याचा. पुढचे दोन्ही आणि मागचा रबरी होज क्लॅम्पने दाबून बंद करा आणि पेडल दाबा. आता पेडल उंच आणि कडक लागलं, तर मास्टर चांगला आहे. इतक्या स्वस्तात मास्टरला निर्दोष ठरवणारी दुसरी तपासणी मला माहीत नाही. मग एकेक क्लॅम्प काढत जा. ज्याच्या काढण्याने पेडल खोल गेलं, दोष त्या बाजूला. स्टीलच्या जाळीच्या होजला क्लॅम्प लावू नका, आतली नळी दुमडून कायमची खराब होते. पक्कड तर कशालाच लावू नका.

याच वेळी होजही बघून घ्या. जुना होज दाबाखाली फुगताना बोटांना जाणवतो. आतून सोलवटलेला होज तेल चाकाकडे जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही, मग एकच चाक तापतं आणि गाडी एका बाजूला खेचते. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, एक्सल पूर्ण खाली लोंबकळू द्या, आणि होज कुठे ताणला जातो का, टायरला, स्प्रिंगला किंवा टाय रॉडला घासतो का ते बघा. कॅलिपर आणि रिममध्ये फट आहे ना, तेही चाक एक पूर्ण फेरा फिरवून पाहा.

७. ड्रमचा जुना व्हॉल्व्ह राहिलाय का?

ड्रमच्या मास्टरमध्ये बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवतो. ड्रममध्ये शू ओढून घेणारी जाड स्प्रिंग असते, म्हणून तो चालतो. डिस्कमध्ये पिस्टनला मागे घेणारं काय, तर चौकोनी छेदाचं रबरी सील, आणि तेही केसभर. १० पीएसआय तिथे पॅड टेकवून ठेवायला पुरतात. परिणाम: सतत घासणारे पॅड आणि तापलेली डिस्क.

पण मास्टर फरशीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर तेल उतरून टाकीकडे येऊ नये म्हणून डिस्कच्या लाइनलाही व्हॉल्व्ह लागतो. तो २ पीएसआयचा. पुढे डिस्क, मागे ड्रम असेल तर पुढे २ आणि मागे १०, आणि त्यासाठी दोन सर्किटचा मास्टर हवा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांची तेलाची वाट वेगळी ठेवणारा. जुन्या जीपचा एका सर्किटचा मास्टर डिस्कसोबत ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दोन सर्किटच्या मास्टरमध्ये एक टाकी मोठी असेल तर ती डिस्कची. लाइन उलट लागल्या तर पॅड झिजत जाताना छोटी टाकी रिकामी होते.

८. मास्टरचं माप

इतकं सगळं झाल्यावर आता मास्टर. आधी हिशोब. १ इंची बोअरचं (मास्टरचा आतला व्यास) क्षेत्रफळ ५०७ चौरस मिलिमीटर, ७/८ इंचीचं ३८८. तेवढ्याच पायाच्या जोरात छोटा मास्टर सुमारे ३० टक्के जास्त दाब देतो, आणि तेवढंच तेल ढकलायला चालही ३० टक्के जास्त घेतो. म्हणजे पेडल खोल असताना छोटा बसवला तर ते आणखी खोल जाईल, आणि पेडल कडक असूनही गाडी थांबत नसताना मोठा बसवला तर आणखी कमी थांबेल. लोक नेमकं उलट करतात, कारण "मोठा म्हणजे जोरदार" असं वाटतं.

कडक पेडलच्या तक्रारीत बूस्टरही (व्हॅक्यूमने पायाच्या जोराला मदत करणारा भाग) तपासा. इंजिन बंद करून चार-पाचदा पेडल मारा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली सरकलं पाहिजे. जुन्या पेट्रोल गाडीत डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर बूस्टरला व्हॅक्यूम पंप आहे का ते बघा, डिझेलच्या मॅनिफोल्डमधून पुरेसा व्हॅक्यूम मिळत नाही. बूस्टर नसेल तर पेडलचं गुणोत्तर सहास एकच्या आसपास हवं. बूस्टरसाठी बनलेलं चारास एकचं पेडल विनाबूस्टर लावलं तर पाय थकेल, गाडी थांबणार नाही.

९. डिस्क आणि ब्रॅकेट

पेडल धडधडत असेल तर डायल गेज लावून डिस्कचा डगमग मोजा. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. जास्त निघाला तर डिस्क लेथवर न्यायच्या आधी ती काढा आणि हबची डिस्क टेकते ती बाजू तारेच्या ब्रशने घासून गंज काढा. बरेचदा तिथला गंजाचा पापुद्राच कारण निघतो. एका कॅलिपरचे दोन पॅड वेगवेगळे झिजत असतील तर सरकत्या पिना अडकल्यात किंवा ब्रॅकेट डिस्कच्या मध्यावर नाही.

कुठे थांबायचं

पुढच्या कुठल्याही गोष्टीशी गाठ पडली तर काम थांबवा आणि ब्रेकचं काम करणाऱ्या जाणकाराकडे गाडी उचलून न्या, चालवत नेऊ नका.

पेडल दाबून धरल्यावर खाली जातंय आणि गळती सापडत नाही. ब्रॅकेटला चीर आहे, किंवा ते स्टब एक्सलला घरगुती वेल्डिंगने जोडलंय. बोल्टचे आटे गेलेत. ब्रेकच्या लोखंडी पाइपला नवी फ्लेअर (जोडासाठी पसरवलेलं टोक) करायची आहे आणि तुमच्याकडे तिचं अवजार नाही. इथे कॉम्प्रेशन जोड किंवा साधा तांब्याचा पाइप लावून भागवू नका.

मागची चाकं आधी अडकत असतील तर मागच्या लाइनला ॲडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (तिथला दाब कमी करणारा) लागेल. तो बसवणं अवघड नाही. सेट करणं अवघड आहे, कारण ते रिकाम्या, बंदिस्त जागेत, वेग वाढवत, गाडी घसरवून बघावं लागतं. हे मी अनुभवी माणसावरच सोपवतो. तो व्हॉल्व्ह पुढच्या लाइनला कधीच लावायचा नाही.

आणि वरच्या सगळ्या तपासण्या होऊनही गाडी थांबत नसेल, तर निपलच्या जागी प्रेशर गेज लावणारा मेकॅनिक शोधा. पूर्ण जोराने पेडल दाबल्यावर पुढच्या कॅलिपरला साधारण ९०० ते १२०० पीएसआय दिसले पाहिजेत. त्याच्याकडे जाताना एका कागदावर मास्टरचा बोअर, कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास, पेडलचं गुणोत्तर, बसवलेले व्हॉल्व्ह आणि क्लॅम्प लावल्यावर पेडल कसं होतं, एवढं लिहून न्या.